नवा टायर नेहमीच चांगला असतो

(नाशिकमधील एका रायडर ग्रुपच्या पावसाळ्याआधीच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रकावर विषय छापलाय : "ग्रिप, आयुष्य आणि पाऊस – टायर कुठल्या ब्रँडचा घ्यावा?" हा विषय मी दिलेला नाही, तुमच्या सेक्रेटरींनी दिलाय. पण छापलाय म्हटल्यावर उत्तर द्यावंच लागेल, आणि मी देणार आहे. शेवटी देईन, म्हणजे कुणी मधेच उठून जाणार नाही. शाल दिलीत त्याबद्दल आभार. जून महिन्यात शाल देणारा नाशिकला तुमचा एकच ग्रुप असावा.

माझी ओळख करून देताना "टायरतज्ज्ञ" म्हणाले. तसं काही नाही. मी टायरच्या कारखान्यात मिक्सिंग खात्यात नोकरी केली. म्हणजे रबर, कार्बन, तेल, गंधक, मेण हे सगळं बॅनबरी मशिनमध्ये घालून मळायचं, त्याचा लगदा पुढच्या खात्याला द्यायचा. कार्बन असा चिवट, की घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी रुमाल काळा. आमच्या सासूबाईंना बरीच वर्षं वाटायचं, सून कोळशाच्या वखारीत जाते. कारखान्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढचं सगळं बोलणं तुम्ही जाहिरात म्हणून ऐकाल.

आता मुद्दा. मी टायरमध्ये होते हे कळलं की लग्नात, बारशात, दहाव्याला सुद्धा माणसं मला गाठतात. "मॅडम, मी आधी अमुक कंपनीचा वापरायचो, आता तमुक टाकला. गाडीच बदलली! पावसात घसरायचं नाव नाही." मी विचारते, आधीचा कसा झाला होता? "तो? पार गोटा झाला होता." अरे बाबा, मग तू तुलना कशाची केलीस? गोटा झालेल्या टायरशी नव्याची. त्या जागी कुठल्याही कंपनीचा नवा टायर टाकला असतास तरी गाडी बदललीच असती.

आणि फक्त नक्षी गेलेली नसते. आपण रोज घर ते ऑफिस सरळ जातो, त्यामुळे टायर मधोमध झिजतो, चपटा होतो. चपट्या टायरची गाडी वळणात आडवी करताना एका कडेवर येऊन अडखळते आणि मग एकदम पडल्यासारखी होते. नवा टायर गोल असतो, गाडी लोण्यासारखी वळते. त्या गोलाईचं श्रेय जातं कंपनीला. गंमत पुढे आहे. दुसरा एक जण बरोबर उलटा प्रवास करतो, तमुकचा गोटा काढून अमुकचा नवा टाकतो. मग हे दोघे चहाच्या टपरीवर भेटतात आणि गळे धरतात. दोघंही खरं बोलत असतात.

खरी तुलना करायची तर दोन्ही टायर नवे पाहिजेत. गाडी तीच, चालवणारा तोच, हवा तेवढीच, रस्ता तोच आणि दिवसही तोच. कंपन्या अशी तुलना करतात. ट्रॅकवर मोजून पाणी सोडतात, ठरलेल्या वेगाला ब्रेक दाबतात, अंतर मोजतात. आपल्यापैकी कुणी घरी दोन जोड घेऊन एका दिवसात बदलून बघितलेत? एक हात वर झाला. दादा, तुमचं लग्न झालंय का? नाही ना, वाटलंच.

मग आपली ब्रँडभक्ती येते कुठून? माझ्या पिढीचं सांगते. सचिनच्या बॅटवरून. एमआरएफची तीन अक्षरं आम्ही टायरवर नंतर वाचली, बॅटवर आधी. पुढे रोहित शर्माच्या बॅटवर सीएट आलं, तर आमच्या घरात भाच्याचा आणि त्याच्या बापाचा टायरवरून वाद सुरू झाला. वाद खरा फलंदाजीचा होता. तुम्हाला म्हणून सांगते, एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासला खेळण्यातले फुगे करण्यापासून झाली. आणि सीएट हे नाव इटलीतल्या तुरिन शहरातलं, १९२४ सालचं. त्या नावातली पहिली अक्षरं विजेच्या केबलची आहेत. एकाचे फुगे, दुसऱ्याच्या वायरी. घराण्याचा अभिमान बाळगायचा तर पूर्ण बाळगा.

याच भाच्याची गोष्ट सांगते. थोडी लांबेल. सेक्रेटरी, घड्याळाकडे नंतर बघा.

भाच्याकडे पल्सर दीडशे. मागचा टायर १००/९०-१७, म्हणजे रुंदी शंभर मिलिमीटर, उंची रुंदीच्या नव्वद टक्के आणि रिम सतरा इंची. त्याला टाकायचा होता १३०/७०. का? तर मागून गाडी भारी दिसते. मी म्हटलं, अरे, उंची जवळजवळ तीच राहील, शंभरचे नव्वद टक्के नव्वद मिलिमीटर आणि एकशेतीसचे सत्तर टक्के एक्क्याण्णव. पण तुझी रिम अरुंद आहे. रुंद टायर तिच्यात चिमटून बसतो, मधे टोकदार होतो आणि सरळ जाताना रस्त्याला उलट कमी टेकतो. पैसे जास्त, पकड कमी, शिवाय चेनकव्हरला घासेल ते वेगळंच. तो म्हणाला, "आत्या, तू चल दुकानात."

गेलो. २०२३चा जून. पहिला पाऊस पडून गेलेला, त्यामुळे दुकानात ही गर्दी. दुकानदाराने आधी माझ्यामागे बघितलं, साहेब येतायत का म्हणून. साहेब घरी भाजी निवडत होते. मग त्याने भाच्याला विचारलं, कंपनी कुठली? भाच्याने सांगितली. दुकानदाराने आकड्याची काठी घेतली आणि शटरच्या वर, बाहेर उन्हात टांगलेल्या माळेतला एक टायर खाली काढला. फडक्याने पुसला, वर काहीतरी चकचकीत फवारलं. टायर नवरदेवासारखा दिसायला लागला.

मी चष्मा लावला. टायरच्या बाजूला एका छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. तिथे होतं १८१९. म्हणजे २०१९चा अठरावा आठवडा. चार उन्हाळे त्या टायरने शटरवर लटकून काढले होते. मी म्हटलं, भाऊ, हा चार वर्षांचा आहे. तो म्हणाला, "ताई, टायर म्हणजे काय दूध आहे, नासायला?"

आता मला असं कुणी विचारलं की मी थांबत नाही. मी म्हटलं, नासतो. रबरात आम्ही मेण घालतो, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतं. टायर फिरत राहिला की मेण वर येत राहतं. उन्हात नुसता टांगून ठेवलात तर वरचं रबर कडक होत जातं, बारीक चिरा पडतात. हाच टायर आत अंधारात, थंड जागी ठेवला असतात तर दोन वर्षांचा असता तरी मी निमूट घेतला असता. हे सगळं मी त्या गर्दीत सांगितलं. एक रिक्षावाले थांबून ऐकायला लागले. त्यांनी स्वतःचा टायर वाकून बघितला. मग आणखी एकाने बघितला. दुकानदाराने पोराला हाक मारली, "आतला दे रे!" आतून आला तो त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, तीन महिन्यांपूर्वीचा. किंमत तीच! बाहेरचा कुणासाठी ठेवला होता, तर जो चार आकडे वाचत नाही त्याच्यासाठी.

टायर बसवताना पोराने बाण उलटा लावला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, नक्षी पाणी बाहेर टाकते ती त्या दिशेने. तो परत काढायला लावला. मग "नायट्रोजन भरू का?" जादा पैसे देऊन. आपल्या साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो हो! उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी त्या दिवशी माझ्या अंगात भांडण उरलं नव्हतं, साधी हवा भरून घेतली. माप? शंभर-नव्वदच. भाचा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

हवेवरून आठवलं. पंपावर हवा भरणारा पोरगा विचारतो, "पस्तीस टाकू?" आणि आपण म्हणतो, टाक. चारचाकीला टाकतो तेच. तुमच्या गाडीवर, चेनकव्हरवर नाहीतर मागच्या आर्मवर, स्टिकर असतं. साधारण दीडशे सीसीला पुढे पंचवीस ते अठ्ठावीस पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप), मागे एकट्याला अठ्ठावीस आणि डबलसीट असलात तर बत्तीसच्या आसपास. पुढच्या टायरमध्ये पस्तीस भरलेत तर तो फुगून कडक होतो, रस्त्याला टेकणारा भाग आकसतो, आणि मग ओल्यात ब्रेक दाबल्यावर तुम्ही कंपनीला शिव्या देता. हवा कमी असेल तर टायर गरम होतो, कडेने झिजतो, पेट्रोलही जास्त खातो. आणि मोजायची टायर थंड असताना. वीस किलोमीटर गाडी हाणून पंपावर गेलात तर आकडा वाढलेला दिसणारच.

ही चिठ्ठी आली. "मॅडम, दहा मिनिटे. नंतर हॉल भजनी मंडळाचा." बरं, भजनी मंडळाशी मी भांडणार नाही. ब्रँड.

भरभर सांगते. कोरड्यातली ग्रिप, आयुष्य आणि ओल्यातली पकड या तिघी एका घरात सुखाने नांदत नाहीत. मऊ रबर रस्त्याच्या खाचाखोचांत शिरतं, पकडतं आणि लवकर झिजतं. कडक रबर टिकतं आणि ओल्यात हात सोडतं. कोरड्या रस्त्यावर रबर रस्त्याला अक्षरशः चिकटतं. पाण्याचा पापुद्रा मधे आला की चिकटणं संपतं, उरतं ते खडीच्या टोकांवर रबराचं दबणं-उसळणं. ते वाढवायला मिश्रणात कार्बनच्या जोडीला सिलिका घालतात. मिशेलिनने १९९२च्या सुमारास मोटारीच्या टायरमध्ये हे मोठ्या प्रमाणावर आणलं, तिथून दुचाकीत आलं. रसायनशास्त्राने बघितलं तर सिलिका आणि वाळू एकच. मला एकाने विचारलंही होतं, "वाळूवर तर गाडी घसरते, मग टायरमध्ये वाळू कशाला?" त्याला उत्तर द्यायला वेगळं व्याख्यान लागेल. सिलिका मळायला त्रासाची, महाग, म्हणून स्वस्त टायरमध्ये ती कमी दिसते. काही टायरमध्ये मधे कडक आणि कडांना मऊ असं दुहेरी रबर असतं, तो तिघींमधला बऱ्यापैकी समझोता.

म्हणून ब्रँड विचारू नका, मॉडेल विचारा. एकाच कंपनीचा एक टायर दूधवाल्यासाठी असतो आणि दुसरा घाटात गाडी लोळवणाऱ्यासाठी. एमआरएफचा नायलोग्रिप म्हणजे टिकाऊपणा, रोजची स्प्लेंडर, बाजारहाट. झॅपर त्याच्यापेक्षा वळणातला. सीएटचा ग्रिप नावाचाच टायर रॉयल एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनबरोबर आला, कच्च्या रस्त्याला बरा. टीव्हीएस युरोग्रिप मदुराईचा, त्यांचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम आणि अपोलोचा अल्फा एच वन हे रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे घातलेले, ताकदवान गाड्यांचे. कम्यूटर, म्हणजे रोज घर ते ऑफिस जायच्या गाडीला रेडियल टाकण्यात अर्थ नाही. दीडशे-दोनशेच्या गाडीला, महिन्याला बरंच फिरणाऱ्याला, पावसाची काळजी असेल तर मिशेलिनचा पायलट स्ट्रीट मी सुचवते. आयुष्य नायलोग्रिपएवढं मागू नका. पिरेली आणि मेट्झेलर, हे दोन्ही एकाच घरातले, मेट्झेलर १९८६पासून पिरेलीकडेच आहे. केटीएमची ड्यूक ३९० आली तेव्हा तिच्याबरोबर मेट्झेलरचा एम फाइव्ह यायचा. पकड अशी की पोरं प्रेमात पडायची आणि झीज अशी की बाप कपाळावर हात मारायचे. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टरवाले इथे आहेत ना? पिरेलीचा फँटम जाऊन सीएटचा झूम क्रूझ आला तेव्हा केवढी रडारड! त्यातल्या कितीजणांनी दोन्ही नवे असताना चालवले होते? म्हणजे आपण परत तिथेच आलो.

बजेट एकाच चांगल्या टायरचं असेल तर तो पुढे टाका. सगळे मागचा बदलतात, कारण मागचा आधी झिजतो. पण ओल्यात पुढचा सुटला की सावरायला वेळच मिळत नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण टायरमध्ये नसलेली पकड ते कुठून आणणार?

आणि काही ठिकाणी कुठलाच ब्रँड उपयोगाचा नाही, ते लिहून घ्या. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास, तेल वर आलेलं असतं. वळणावर ट्रकने सांडलेलं डिझेल. पांढऱ्या रंगाचे जाड पट्टे, विशेषतः गतिरोधकाआधीचे. उड्डाणपुलाचे लोखंडी सांधे. लासलगाव, निफाडकडे ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल. इगतपुरी, भंडारदऱ्याकडे ऑगस्टमध्ये कडेला धरलेलं शेवाळ. नवा टायर टाकून दुसऱ्याच दिवशी कसारा घाटात जाऊ नका, वरची गुळगुळीत साय घासून जायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात.

भजनी मंडळ दारात उभं आहे, माउली, आलेच. प्रश्न खाली पार्किंगमध्ये घेते. तुमच्या गाड्या तासाभरापासून उभ्या आहेत, टायर थंड आहेत आणि गेज माझ्या पर्समध्ये आहे. पहिली गाडी सेक्रेटरींची.