दोन इंजिनांच्या बोटीला पंखे कसे निवडायचे

नमस्कार. दोन इंजिनांची पॉवरबोट असलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो, कुठले प्रोपेलर, म्हणजे पंखे, लावू की बोट जास्त पळेल. मी उलट विचारतो, की आत्ता जे पंखे लागलेत त्यांच्यावर, टाकी भरलेली, नेहमीची माणसं बसलेली, नांगर आणि सामान सगळं आत, अशा अवस्थेत दोन्ही थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलले तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, किती येतो? डाव्याचा किती, उजव्याचा किती? टॉप स्पीड सगळ्यांना पाठ असतो, हे दोन आकडे फार थोड्यांना माहीत असतात. आणि सगळी निवड तिथूनच सुरू होते, त्यामुळे आज बराच वेळ मी त्याच्यावरच बोलणार आहे.

प्रोपेलरवर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला डायमीटर, म्हणजे पाती फिरताना जो गोल होतो त्याचा व्यास. दुसरा पिच, म्हणजे पाणी जर घट्ट असतं आणि पंखा स्क्रूसारखा त्यात शिरला असता तर एका फेऱ्यात किती इंच पुढे गेला असता तो आकडा. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) आणि स्टर्नड्राइव्हमध्ये (इंजिन आत, पंख्याचा भाग मागे बाहेर) डायमीटर बऱ्यापैकी गिअरकेसच्या, म्हणजे पंखा धरणाऱ्या खालच्या गिअरच्या पेटीच्या, मापाने ठरून आलेला असतो, गिअर रेशो, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, तोही ठरलेला, म्हणजे तुमच्या हातात उरतो तो मुख्यतः पिच. पिच वाढवला की इंजिनावर ओझं वाढतं आणि आरपीएम खाली येतो, कमी केला की वर जातो. अंदाज धरायचा तर १ इंच पिचला १५० ते २०० आरपीएम.

आता इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते, समजा ५००० ते ६०००. या रेंजच्या वरच्या भागात दोन्ही इंजिनं पोचली पाहिजेत, आणि तीही नेहमीचं वजन घेऊन. बोट नवी असताना एकटा माणूस अर्ध्या टाकीवर चाचणी घेतो, ५८०० येतात, सगळे खूश. मग त्यावर टॉप, म्हणजे छत, चढतं, बॅटऱ्या वाढतात, खाली शेवाळ आणि कालवं धरतात आणि वर्षभरात तेच इंजिन ५२०० वर अडकतं. काहीही मोडलेलं नसतं, नुसतं ओझं वाढलेलं असतं, पण इंजिन रोज दमत असतं.

हे दमणं नीट समजून घ्या कारण ते दिसत नाही. पिच जास्त असलेला पंखा फक्त फुल थ्रॉटललाच त्रास देतो असं नाही, तो प्रत्येक आरपीएमला जास्त ताकद मागतो. पंख्याला लागणारी ताकद साधारणपणे आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ८० टक्के आरपीएमला ताकद निम्म्याच्या आसपासच लागते, आणि म्हणूनच बरोबर पंखा असलेलं इंजिन क्रूझिंगला, म्हणजे नेहमीच्या मध्यम चालीला, आरामात चालतं. पंखा जड असला की हा आराम जातो, सिलिंडरमधलं प्रेशर आणि उष्णता वाढते, पेट्रोल इंजिनात डेटोनेशनची, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याची, भीती, डिझेलमध्ये काळा धूर आणि एक्झॉस्टचं तापमान वर. उलट्या बाजूला पंखा फार हलका असेल तर इंजिन लिमिटरला, म्हणजे आरपीएम मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेला, जाऊन आपटतं. दोन्ही वाईटच, पण मला जास्त काळजी पहिल्याची वाटते, कारण लिमिटर निदान ऐकू येतो, ओव्हरलोड मुकाट्याने इंजिन खातो. डिझेल इनबोर्डला, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाला, तर मी नेहमी सांगतो, पूर्ण वजनासकट रेटेड, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या, आरपीएमच्या किंचित वर जाईल असाच पंखा ठेवा, बोट पुढच्या काळात जड होणारच आहे.

एक उदाहरण घेऊ. दोन इंजिनं, रेंज तीच ५००० ते ६०००, गिअर रेशो १.७५, आणि तीन पात्यांचे १७ पिचचे पंखे. पूर्ण वजनावर दोन्ही ५३०० ला थांबतात. रेंजच्या आत आहे की, मग कशाला बदलायचं, असं पुष्कळ जण म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे, बदला. १५ पिच लावला तर आरपीएम ५६०० ते ५७०० वर जाईल आणि पुष्कळदा टॉप स्पीड कमी होत नाही, कधी तर वाढतो, कारण इंजिन आपली पूर्ण ताकद ज्या आरपीएमला देतं तिथवर ते आता पोचतंय. प्लेनवर येणं, म्हणजे वेगात बोट वर उचलून पाण्याच्या पृष्ठभागावर सरकू लागणं, ते तर नक्कीच लवकर होतं.

मग हिशोब करून बघायचा. आरपीएम गुणिले पिच, त्याला गिअर रेशोने भागा आणि मग १२१५ ने भागा, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी नॉटिकल मैलांत, येतं. ५७०० गुणिले १५, भागिले १.७५, भागिले १२१५, म्हणजे जवळजवळ ४०. हा कागदावरचा वेग. जीपीएसवर ३५.५ दिसत असेल तर फरक १२ टक्क्यांच्या आसपास, याला स्लिप म्हणतात. प्लेनिंग बोटीला १० ते १५ टक्के स्लिप सर्वसाधारण आहे, जड बोटीला जास्त असू शकते. स्लिप शून्य आली तर आनंद मानू नका, टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा मीटर) किंवा पिचचा आकडा चुकीचा आहे, कारण थोड्या स्लिपशिवाय पातं पाण्याला ढकलूच शकत नाही.

इथवरचं सगळं एका इंजिनालाही लागू आहे. आता दोन.

बैलजोडीत एक बैल पुढे ओढणारा आणि एक मागे रेंगाळणारा असला की गाडी चालते खरी, पण सगळा भार एकावर येतो आणि जू तिरकं होतं, दोन इंजिनांचं अगदी तसंच आहे. पंखे जोडी म्हणूनच घ्यायचे, जोडी म्हणूनच तपासायचे, आणि एकाला मार लागून दुरुस्तीला गेला तर दुसराही बरोबर पाठवायचा. कारण कोरलेला आकडा दोन्हीवर १५ असला तरी प्रत्यक्षात एक १४.७ आणि दुसरा १५.३ असू शकतो, ओतकामात आणि पॉलिशिंगमध्ये एवढा फरक पडतो, एकदा दुरुस्त केलेल्या पंख्यात तर हमखास. चांगल्या वर्कशॉपमध्ये पंखा स्कॅन करून प्रत्येक पात्याचा पिच मोजतात आणि दोन्ही पंखे एकमेकांशी जुळवून देतात. याला पैसे लागतात, पण मी म्हणेन दोन इंजिनांच्या बोटीवर नवीन इलेक्ट्रॉनिक्सच्या आधी हा खर्च करा.

फिरण्याची दिशा हा दुसरा मोठा विषय. उजव्या हाताचा पंखा पुढच्या गिअरमध्ये, मागून बघितलं तर, घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. एकाच दिशेने फिरणारे दोन पंखे लावले तर त्यांच्या टॉर्कमुळे, म्हणजे फिरण्याच्या जोरामुळे, बोट एका बाजूला कलू बघते आणि स्टिअरिंगही ओढतं. म्हणून एक इंजिन उलटं फिरणारं घेतात. नेहमीची रचना अशी, की उजवीकडे उजव्या हाताचा, डावीकडे डाव्या हाताचा, म्हणजे वरची पाती बाहेरच्या बाजूला वळतात. याचा खरा फायदा धक्क्याला लावताना कळतो, विशेषतः शाफ्टच्या बोटीत, जिथे इंजिन आत असतं आणि पंखा तळाखाली लांब दांड्यावर फिरतो. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे वळवायची म्हणून उजवं इंजिन पुढे आणि डावं मागे टाकलं, तर दोन्ही पंख्यांचा जो आडवा ओढा असतो तो मागची बाजू उजवीकडेच नेतो, म्हणजे वळायला मदतच करतो. पंखे आत वळणारे असतील तर हाच ओढा तुमच्याविरुद्ध जातो. काही कॅटामरान आणि रेसिंगच्या बोटींवर आत वळणारे पंखे लावून बघतात, त्यांना वेगात फायदा मिळत असेल तर मिळो, पण रोज धक्क्याला लावायच्या बोटीत मी त्या वाटेला जाणार नाही. लहान इंजिनांत उलटं मॉडेल मिळतच नाही पुष्कळदा, तिथे दोन्ही एका दिशेचे चालवतात आणि हलक्या बोटीत ते निभावतंही.

इथे एक सावधगिरी. डाव्या हाताचा पंखा शाफ्टवर बसतो म्हणून साध्या इंजिनाला लावू नका, पुढचा गिअर टाकाल आणि बोट मागे जाईल, आणि रिव्हर्समध्ये चालवून काम भागवायचं तर बहुतेक गिअरकेस सतत उलट्या दिशेचा थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, घ्यायला बनवलेलेच नसतात. काही स्टर्नड्राइव्ह दोन्ही दिशांना चालतात, पण ते मॅन्युअल सांगेल तेव्हाच. व्होल्वो पेंटाने १९८२ मध्ये आणलेल्या ड्युओप्रॉपसारख्या ड्राइव्हमध्ये एकाच जागी दोन पंखे उलटसुलट फिरतात, तिथे हा दिशेचा प्रश्न प्रत्येक ड्राइव्हच्या आतच मिटतो, पण मग बदलायचा झाला तर दोन इंजिनांना चार पंखे होतात हेही लक्षात ठेवा.

दिशेमुळे तपासणीतही एक अडचण येते. समजा डावं इंजिन ५७००, उजवं ५४५०. दोष इंजिनात की पंख्यात? एकाच दिशेचे असते तर पंखे अदलाबदल करून पाच मिनिटांत कळलं असतं, दोष पंख्याबरोबर गेला की इंजिनाजवळच राहिला. उलट्या दिशेच्या जोडीत ते करता येत नाही. मग क्रमाने जायचं: आधी टॅकोमीटर खरा आहे का, इंजिनाच्या कॉम्प्युटरवरचा आकडा काय म्हणतो, मग थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते का, मग दोन्ही इंजिनांचा ट्रिम (पुढे-मागे तिरकेपणा) आणि उंची सारखी आहे का, आणि हे सगळं बरोबर निघालं तरच पंखे स्कॅनला. लोक शेवटची पायरी पहिली करतात किंवा त्याहून वाईट, एका बाजूला कमी पिचचा पंखा लावून आकडे जुळवतात. तसं कधीच करू नका. आकडा जुळतो, पण आजारी इंजिन तसंच राहतं.

पात्यांची संख्या, इथेही दोन इंजिनांची गोष्ट वेगळी आहे. इंजिनं मधोमध नसून बाजूला असतात आणि व्ही आकाराच्या तळामुळे तिथे तळ वर गेलेला असतो. बोट वळताना आतल्या बाजूला झुकते, मग बाहेरचं इंजिन वर उचललं जातं आणि त्याचा पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो. आवाज एकदम वाढतो, आरपीएम उडतो, पुढे ढकलणारा जोर नाहीसा होतो. याला व्हेंटिलेशन म्हणायचं, पुष्कळ जण कॅव्हिटेशन म्हणतात पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा येत नाही, पात्यावर दाब इतका घटतो की पाण्याचीच वाफ होते आणि ते बुडबुडे फुटताना धातूला खड्डे पाडतात. वाफेच्या टर्बाइनचा शोध लावणाऱ्या ब्रिटिश चार्ल्स पार्सन्सच्या टर्बिनिया या बोटीला १८९४ मध्ये हेच झालं, टर्बाइनची एवढी ताकद असून एका पंख्यावर ती २० नॉटच्या आतच अडकली, मग त्याने तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे अशी रचना केली आणि १८९७ च्या इंग्लंडमधल्या स्पिटहेडच्या नौदल संचलनात ती ३४ नॉटच्या आसपास धावली. मला ही गोष्ट फार आवडते कारण टर्बाइनही त्याने बदलली, तरी कॅव्हिटेशनचं उत्तर पात्यांच्या क्षेत्रफळात सापडलं.

तर वळताना पंखा सुटत असेल, लाटांत प्लेन टिकत नसेल, बोट जड असेल, तर चार पात्यांची जोडी लावून बघा. पकड जास्त, थरथर कमी, आणि कमी वेगालाही प्लेनवर राहते. टॉप स्पीड एखाददुसरा नॉट जाऊ शकतो. तीनवरून चारवर जाताना पिच बहुधा १ इंच कमी घ्यावा लागतो नाहीतर आरपीएम खाली येतो. पात्याच्या मागच्या कडेला जो छोटा वळवलेला ओठ असतो, कप म्हणतात त्याला, तोही पकड वाढवतो आणि थोडा पिच वाढवल्यासारखा आरपीएम उतरवतो, त्यामुळे दोन पंख्यांवर कप सारखाच हवा.

धातूबद्दल थोडक्यात. स्टेनलेसची पाती पातळ आणि ताठ असतात, ताकदीच्या इंजिनांना तेच बरे. अॅल्युमिनियम स्वस्त, इंजिनाच्या जोराखाली थोडं वाकतं, पण आपटल्यावर आधी तेच मोडतं, गिअरकेस वाचतो. उथळ आणि खडकाळ पाण्यात ते वाईट नाही. एका बाजूला स्टेनलेस आणि दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम मात्र नको, सुटे म्हणून ठेवलेलेही एकाच प्रकारचे, एक उजव्या आणि एक डाव्या हाताचा.

चाचणी शांत पाण्यात घ्या, दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढा, आणि फक्त टॉप स्पीड लिहू नका. प्लेनवर यायला किती सेकंद, कमीत कमी किती वेगाला प्लेन टिकतं, आणि क्रूझिंगला एका नॉटिकल मैलाला किती लिटर, हेही लिहा. तुमचा बहुतेक वेळ क्रूझिंगलाच जाणार आहे.

कोणीतरी मघाशी विचारलं होतं, एक इंजिन बंद पडलं तर. दोन इंजिनांचा पिच असा ठरलेला असतो की दोघं मिळून बोट प्लेनवर पळवतील. एकट्यावर बोट बहुतेक वेळा प्लेनवर येतच नाही, आणि त्या संथ चालीला तोच पिच फार जड होतो. थ्रॉटल पूर्ण दिला तरी आरपीएम चढणार नाही, इंजिन नुसतं कण्हत राहील. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेल्या बोटीचा प्लेनशिवायचा वेग साधारण ६.७ नॉट, तेवढ्यावर समाधान मानून थ्रॉटल मागे घ्या. बंद पडलेलं आउटबोर्ड असेल तर वर उचला, पंखा पाण्यात ओढत नेऊ नका. शाफ्टची बोट असेल तर बंद बाजूचा शाफ्ट फिरत राहिला तर गिअरबॉक्सला तेल मिळतं की नाही हे मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा, काहींना चालतं, काहींना शाफ्ट बांधून ठेवावा लागतो. लांब जायचं असेल तर सुट्या जोडीतले पंखे थोड्या कमी पिचचे ठेवा, एकट्या इंजिनावर परतायची वेळ आली आणि पंखा बदलणं शक्य असलं तर तेच कामी येतील. आणि पंखा बदलताना थ्रस्ट वॉशर (पंख्याचा जोर शाफ्टवर घेणारी चकती) कुठल्या बाजूने बसतो ते काढतानाच फोटो काढून ठेवा, नट ठरवून दिलेल्या टॉर्कने आवळा आणि शाफ्टवर मासेमारीचा दोरा गुंडाळलेला नाही ना ते बघा, तो सील कापतो आणि गिअरकेसमध्ये पाणी शिरतं.