नदीच्या नावावर पाणी

बसा, बसा, मागे अजून खुर्च्या आहेत. माईक येतोय ना ऐकू? आयोजकांनी पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं माझ्या परिचयातच गेली, आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. मी काही जलतज्ज्ञ वगैरे नाही हो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं पाण्याच्या पाळ्या सोडल्या आणि शिव्या खाल्ल्या, हेडवाल्यांच्याही आणि टेलवाल्यांच्याही, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांच्या आणि पार शेवटाला असलेल्यांच्या.

विषय अमेरिकेचा आहे, कारण मुलगी तिकडे असते, कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्स नावाच्या गावात. गावातून नदी जाते, कॅश ला पूडर. नाव फ्रेंच, अर्थ बंदुकीची दारू लपवायची जागा. लोक नुसतं पूडर म्हणतात. या नदीसाठी त्या शहरानं पाण्याचा हक्क कसा मिळवला ते सांगणार आहे, पण त्याआधी पिंपाची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

2014 साली आम्ही पहिल्यांदा तिकडे गेलो. दुपारी जोराचा पाऊस आला, छपराच्या पन्हाळीतून पाणी धो धो वाहून चाललंय, आणि मी तर आयुष्यभर गावोगाव "पाणी अडवा, पाणी जिरवा" सांगत फिरलेला माणूस. मला राहवेना. गॅरेजमधलं रिकामं पिंप ओढलं आणि लावलं पन्हाळीखाली. बायको म्हणाली, अहो, भिजाल. म्हटलं भिजू दे. संध्याकाळी शेजारचे आजोबा आले, सत्तरीचे, आधी शेतीच करायचे, कालव्याच्या कंपनीत त्यांचा शेअर. पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हसत, गोड आवाजात म्हणाले, हे पाणी तुमचं नाहीये. मला वाटलं गंमत करतायत. म्हटलं, मग कुणाचं? ते म्हणाले, खाली ज्याचा जुना हक्क आहे त्याचं, ते वाहून नदीला जायला पाहिजे. माझ्या छपरावरचं पाणी! म्हणजे जावयाच्या छपरावरचं, हप्ते तो भरतो. रात्री जावयानं नेटवर बघितलं तर म्हातारा खरं बोलत होता, बेकायदेशीरच होतं ते. सकाळी मी पिंप आडवं केलं तेव्हा, खरं सांगतो, चोरीचा माल परत करतोय असं वाटलं. (हसू नका, तुमच्यातल्या किती जणांच्या मोटारी थेट नळाला लावल्यात ते मला माहितीये.) 2016 मध्ये कायदा बदलला, आता घरटी दोन पिंपं चालतात, मिळून 110 गॅलन, म्हणजे 416 लिटर. आपल्याकडे लग्नघरात तासाभरात संपेल एवढं.

पण त्या म्हाताऱ्याच्या एका वाक्यात सगळा कायदा आहे. तिथं नदीकाठी जमीन आहे म्हणून पाणी मिळत नाही. ज्यानं आधी पाणी उचललं आणि वापरलं त्याचा नंबर आधी. हे मूळचं सोन्याच्या खाणवाल्यांचं, 1876 च्या राज्यघटनेतच आलं. आणि त्यामागचं एक भांडण याच नदीवरचं. खाली ग्रीली गाव, 1870 ला वसलेलं, त्यांनी कालवे काढले. मग वर फोर्ट कॉलिन्सला नवे लोक आले, त्यांनीही काढले. 1874 ला दुष्काळ पडला आणि ग्रीलीचे कालवे कोरडे. एका शाळेत बैठक बसली, ग्रीलीवाले म्हणाले आम्ही आधी आलो, वरचे म्हणाले नदी आमच्या दारातनं जाते. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं हे मी ऐकलंय, कोपरगावला ऐकलंय, नेवाशाला ऐकलंय, फक्त मराठीत. आमचा एक पाटकरी होता, कालव्याचं पाणी सोडणारा, तो म्हणायचा साहेब, टेलच्या माणसाला देव दिसतो पण पाणी दिसत नाही. त्याची अजून एक गोष्ट आहे, एकदा रात्री दोन वाजता गेटवर...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पाटकऱ्याचं चहाला सांगतो.

तर मुद्दा. या रांगेत शेतकरी आहे, गिरणी आहे, शहर आहे, मासा नाही, कारण पाणी नदीतून बाहेर काढलं तरच तो वापर धरायचे. 1973 ला कायदा झाला की नदीतच पाणी ठेवायचा हक्क असू शकतो, पण तो फक्त राज्याच्या मंडळाच्या नावावर, आणि तारीख 1973 नंतरची. पुढे शंभर वर्षांची रांग, दुष्काळात हाती काय येणार? त्यात 1980 च्या दशकात डेन्व्हरजवळच्या थॉर्नटन शहरानं पूडरच्या खोऱ्यातली शेतं पाण्यासकट विकत घेतली, पाणी तिकडे न्यायला. 1986 ला फोर्ट कॉलिन्सनं नदीत 55 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 55 घनफूट, पाणी ठेवायच्या हक्काचा दावा लावला. कोर्टात प्रश्न आला की तुम्ही पाणी कुठं उचलताय, तुम्ही तर नदीतच ठेवताय. शहरानं दोन बंधारे दाखवले. एक, वाट बदललेली नदी जुन्या पात्रात वळवणारा. दुसऱ्यात होड्यांची घसरण आणि माशांची शिडी. 1992 ला राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बांधकाम करून पाणी पात्रातच ताब्यात ठेवलं तरी तो वापरच. म्हणजे जुन्यांच्या पाण्याला हात लागला नाही, पण मागून येऊन वर पाणी उचलणाऱ्याला आता नदीचाही नंबर बघावा लागतो. मला यात आवडतं ते हे, की नदीवर दया करा असं कुणी म्हणालं नाही, त्याच वहीत तारीख टाकून तिचं नाव लिहिलं. सातबाऱ्यावर नाव लागावं तसं.

तरी कालव्यांच्या तोंडाशी नदी जागोजाग कोरडी पडतेच. म्हणून 2020 ला अजून एक कायदा झाला, खालच्या मालकाचं पाणी खाली जाताना मधल्या कुणी उचलायचं नाही, तेवढा टप्पा ते नदीचं. त्या योजनेत आता फोर्ट कॉलिन्स, ग्रीली आणि थॉर्नटन एकत्र आहेत, हो, तेच थॉर्नटन.

आणि हे आपण करतोच की! 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असलं की वरच्या धरणांतून पाणी सोडतात, वाटेतल्या केटी वेअरच्या, म्हणजे फळ्या लावून पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यांच्या, फळ्या काढतात, काठच्या मोटारींची वीज तोडतात. मी स्वतः उभा राहून फळ्या काढल्यात, वरून लोक शिव्या देतायत आणि खाली कोरड्या खडकातून पाणी पुढे सरकतंय, त्याच्यामागे बगळे. दोन-तीन दिवसांत गोदावरी नदीसारखी दिसायला लागते. हिशेबात मात्र त्या वाटेवरच्या पाण्याला आपण एकच शब्द लिहायचो, घट, म्हणजे वाटेत वाया गेलेलं. मी स्वतः लिहिलाय, माझ्या सहीनिशी.

दुसरी चिठ्ठी. हो, हो, थांबलो.