गोदीच्या भिंतीलगतचा रस्ता

नमस्कार, श्रोतेहो.

सीएसएमटीच्या मागच्या अंगाने जाणारा पी. डिमेलो मार्ग तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर असेल. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला गोदीची भिंत, आणि मध्ये ट्रक, हातगाड्या, टॅक्स्या. बंदराला इतका चिकटलेला रस्ता मुंबईत दुसरा क्वचितच असेल, पण इथे उभं राहून समुद्र काही दिसत नाही. जाणारा-येणारा फार तर भिंतीवरून डोकावणारी एखादी क्रेन बघतो.

मुळात हा रस्ताच समुद्रात उभा आहे. इथे मोदी बे नावाचा उथळ उपसागर होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाच्या जोरावर समुद्रात भर टाकून जमिनी काढायच्या कंपन्या निघाल्या. त्यातली एल्फिन्स्टन कंपनी या बाजूला काम करत होती. युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, सट्टेवाले बुडाले. पण जमीन मात्र राहिली. पुढे सरकारने ती विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला.

रस्त्याला नाव मिळालं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं. मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला तो याच साहेबांच्या काळात. गंमत अशी, की जुन्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात तग धरून आहे, म्हणजे नेमका फ्रिअर साहेबांच्याच रस्त्याला लागून!

मग गोद्या आल्या. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, त्यानंतर व्हिक्टोरिया, आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली एक बुडालेलं जंगलच सापडलं. कितीतरी खोडं जागच्या जागी, उभीच्या उभी! आपण सगळे मुंबईत समुद्र मागे हटवल्याच्या गोष्टी ऐकत मोठे झालो. इथे त्याच्या खूप आधी समुद्राने जमीन गिळल्याचा पुरावा हाती आला.

आता १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, सोन्याच्या १२४ विटा, आणि वाटेत कराचीला चढवलेल्या कापसाच्या गासड्या. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरायला कोणी मान्यता दिली असेल? पण युद्धाच्या धांदलीत तसं झालं खरं. दुपारी कापसातून धूर येताना दिसला. अग्निशमन दलाचे जवान धावले, तासन्‌तास पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. जलपद्म नावाचं शेजारचं अख्खं जहाज उचललं जाऊन धक्क्यावर आपटलं. सोन्याची एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, आणि एकूण मृतांचा आकडा शेकड्यांत, काहींच्या मते हजाराच्याही वर. आजही देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिललाच सुरू होतो, तो याच जवानांच्या स्मरणार्थ.

आणि एक गोष्ट, जी रेडिओवरून सांगताना थोडं ओशाळायला होतं. अर्धी मुंबई हादरली होती, आभाळ धुराने भरलं होतं, पण सरकारी सेन्सॉरने बातमी दाबून धरली. जगाला सविस्तर वृत्त दुसऱ्या दिवशी कळलं ते जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. वार्ताहरांना बातम्या पाठवायची परवानगी मिळेपर्यंत मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला.

रस्त्यावरच्या माणसांबद्दल मात्र कमी बोललं जातं. गोदीत काम म्हणजे रोजची हजेरी. सकाळी गेटवर गर्दी करायची, टोळीवाल्याने बोट दाखवलं तर पाळी मिळाली, नाहीतर घरी. टोळीवाला म्हणजे मजुरांच्या टोळ्या पुरवणारा मुकादम; मजुरीतला त्याचा वाटा ठरलेला. ही पद्धत मोडायला १९४८ चा गोदी कामगार कायदा यावा लागला, आणि तो अमलात आणायला कामगारांना वेळोवेळी काम बंद ठेवावं लागलं. या लढ्यातलं मोठं नाव म्हणजे प्लॅसिड डिमेलो. तरुण जॉर्ज फर्नांडिस मंगळूरहून मुंबईत आले, फुटपाथवर झोपले, आणि कामगार चळवळीचे धडे त्यांनी डिमेलोंच्याच हाताखाली गिरवले. १९५८ साली डिमेलो गेले. पुढे फ्रिअर रोडला त्यांचं नाव दिलं गेलं. मुंबईत नामांतरं पुष्कळ झाली, त्यांतली काही निव्वळ उरकलेली. हे मात्र मला चोख वाटतं: रस्त्यावर घाम ज्यांनी गाळला, त्यांच्या पुढाऱ्याचं नाव रस्त्याला.

१९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, आणि इथल्या हुकाचं, पाठीवरच्या गोणीचं काम आटत गेलं. २०१३ पासून डोक्यावरून पूर्व मुक्त मार्ग धावतोय. गेटांची रंगांवरून पडलेली नावं तेवढी टिकली: यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट. आता ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत भुयारी रस्ता खोदायचं काम हाती घेतलं आहे. या भागातून जाताना गाडी कासवाच्या चालीने सरकू लागली, तर समजा, तिथेच आहात.