आधी पाणी बघा, मग रजा टाका

मंडळी, चैत्र लागला की आपल्याकडे मासेमारीचे गळ आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बाहेर निघतात. मुलांच्या परीक्षा उरकल्या की तारीख ठरते, गाडी ठरते आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. माझं आज एवढंच सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. पाणी किती आहे, ते कुणाचं आहे, हे आधी बघा आणि मग रजा टाका.

सोलापूर जिल्ह्यातल्या, भीमेवरच्या उजनीपासून सुरुवात करू. धरणाची क्षमता 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचं, तळचं पाणी. म्हणजे उजनी ‘मायनस’मध्ये गेली असं आपण म्हणतो, तेव्हाही आत भरपूर पाणी असतं, फक्त ते काठापासून लांब गेलेलं असतं. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडणं, सुरू झालं की पाणी मागे हटत जातं आणि दिवाळीत जिथे चिलापी (तिलापिया मासा) भराभर लागली, तिथे आता नुसता गाळ दिसतो. हा गाळ फार फसवा. वरून वाळून भेगा पडलेल्या असतात, पण पाय टाकला की वरचा पापुद्रा फुटतो आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो. मुरमाड किंवा खडकाळ काठ शोधा आणि तिथेच बसा. होडीचं म्हणाल तर 2024 च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जीव गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर उजनीत होडी घालू नका. लाइफ जॅकेट नसेल तर सकाळीही नको.

नदीचं गणित वेगळं. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात, ते शहराजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत पोचायला काही दिवस लागतात. बातमी पेपरात येतेच, तिच्यावर लक्ष ठेवा. पाणी चढत असताना पात्रात उतरायचं नाही. ते स्थिरावून निवळत आलं की डोहाच्या तोंडाशी गांडूळ लावून बसावं. वाम, शिंगाळा तिथे मिळतो.

आता तलाव, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे आपल्या भीमेचे मासे नाहीत, ते गंगेच्या खोऱ्यातले. पावसाळ्यात वाहत्या, चढत्या पाण्यात ते अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन घडवून आणलं, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार करता येऊ लागलं. याचा आपल्यापुरता अर्थ असा की गावतळ्यात तुमच्या गळाला लागलेला कटला बहुतेक वेळा कुणीतरी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत घेऊन सोडलेला असतो. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यात गावातल्या भोई कुटुंबांचा पैसा आणि वर्षभराची राखण असते. म्हणून आमिषाची कणीक मळण्याआधी संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी मागा, पैसे सांगतील ते द्या. ‘एक-दोन माशांनी काय होतंय’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. तळं आटत आलेलं असताना राहिलेले मासे हाच त्यांचा हंगाम असतो.

आणखी एक विनंती मरळीसाठी. ही मात्र आपल्याच पाण्यातली. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत कडेच्या गवताजवळ पाणी नीट न्याहाळा. कधी बारीक तांबूस पिल्लांचा एक पुंजका वर येतो, पृष्ठभागावर बुडबुडे उठतात, पुंजका खाली जातो, परत वर येतो. त्याच्या खालीच नर-मादी राखणीला असतात. त्या वेळी पिल्लांच्या जवळ काहीही हललं की मरळ त्यावर तुटून पडते, म्हणून ती गळाला पटकन लागते. ती काढली की राखणदार गेला आणि पिल्लं इतर माशांच्या तोंडी गेली. असा पुंजका दिसला तर तिथून गळ उचला, दुसरीकडे जा. आणि एका तळ्यातली जिवंत चिलापी आमिष म्हणून दुसऱ्या तळ्यात नेऊ नका. ती तिथे सुटली की परत निघत नाही.

राहिली किनारपट्टी. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत रत्नागिरीला पोचायला पूर्ण दिवस धरा. तिथला बेत तिथीवर बसवायचा. आपल्या जुन्या लोकांना पाऊणकी पाठ असायची, ती इथे कामाला येते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. गळासाठी चढतं पाणी चांगलं, आणि आपल्याला ऊन टाळायचं असतं. म्हणजे एकादशी-द्वादशी उत्तम: पहाटेपासून पाणी चढतं आणि सव्वाआठ-नऊपर्यंत भरती पूर्ण होते. एकादशी पाळत असाल तर द्वादशी धरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा नवख्याने खडकावर जाऊ नये. कोळंबीचं आमिष लावा, खडकाच्या कपारीशी गोबरा किंवा तांबोशी मिळू शकते. बसण्याआधी मागे वळून परतीची वाट बघून ठेवा, कारण भरती चढली की ती वाट आधी पाण्याखाली जाते. शक्यतो मे उजाडण्याआधी जाऊन या. 1 जूनपासून यांत्रिक बोटींना बंदी असते आणि त्याआधीच दर्याचा रंग पालटायला लागतो.