शनवार तेल्यांचा सत्याग्रह

(दृश्य : अलिबागजवळचं नवगाव. ओहोटीचा किनारा.)

कोकणात यांना शनवार तेली म्हणत. घाण्यावर तेल गाळायचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. शेजाऱ्यांना एवढं पुरेसं होतं. हे लोक शनिवारी काम करत नाहीत, मुलांची सुन्नत करतात, बिनखवल्याचा मासा खात नाहीत. दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी गावांची आडनावं लावून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली. त्यांच्या धर्माचा दाखला गावाने कधी मागितला नाही.

हे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं ते सांगतात. 1796मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उभं राहिलं. जुनी माणसं मराठीत त्याला ‘मशीद’च म्हणायची.

दाखला मागितला गेला तो पुढे, ज्यूंच्याच देशात.

(दृश्य : तेल अवीव, 14 मे 1948. घोषणापत्राचं वाचन.)

इस्राएलच्या घोषणापत्रात दोन वचनं आहेत. हे ज्यू राज्य असेल. आणि धर्म, वंश, लिंग असा कोणताही भेद न करता इथल्या सगळ्या रहिवाशांना पूर्ण सामाजिक आणि राजकीय समानता मिळेल. देवाचं नाव घालायचं की नाही, यावर मसुदा अडला होता. धार्मिक नेत्यांना ते हवं होतं, डाव्यांना नको होतं. शेवटी ‘त्सूर इस्राएल’, म्हणजे इस्राएलचा खडक, हे शब्द घातले. ज्याला देव वाचायचा त्याने देव वाचावा, ज्याला लोकांची ताकद वाचायची त्याने ती.

घोषणापत्राचं काम त्यावर भागलं. लग्नाच्या नोंदवहीत असे दोन अर्थ चालत नाहीत. तिथे हो किंवा नाही, एवढंच लिहावं लागतं.

लग्नाचा अधिकार ज्याच्या त्याच्या धर्मपीठाकडे, ही रीत तुर्की अमदानीपासूनची. इंग्रजांनी ती तशीच ठेवली. 1947मध्ये, पुढे इस्राएलचे पहिले पंतप्रधान झालेल्या बेन-गुरियन यांनी कर्मठ ज्यू पक्षाला पत्र लिहून शब्बाथ (शनिवारची विश्रांती), खाणंपिणं, शिक्षण आणि लग्न या चार बाबतींत आश्वासनं दिली. नव्या राज्यासाठी त्यांना सगळ्यांचा पाठिंबा हवा होता. 1953च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयाकडे गेले. मुसलमानांसाठी शरियत न्यायालयं, ख्रिस्त्यांसाठी चर्चची. नोंदणी पद्धतीचं लग्न कोणालाच नाही. आणि 1 ऑक्टोबर 1948पर्यंत तयार व्हायची होती ती राज्यघटना तयार झालीच नाही.

(दृश्य : बैरशेबा, पन्नासचं दशक. नव्या वसाहतीतली घरं.)

मुंबई-कोकणातून हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. 1950चा परतीचा कायदा कोणत्याही ज्यूला इस्राएलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देत होता. त्याच्या आधारे त्यांना नागरिकत्व मिळालं, मतदानाचा हक्क मिळाला. मुलं सैन्यात गेली. राज्याच्या लेखी ते ज्यू होते. पण लग्न ठरलं की काही रब्बी नोंद करायला नकार देत.

रब्बींची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. ज्यू धर्मशास्त्रात घटस्फोटाचं धार्मिक पत्र दिल्याशिवाय बाईचं पहिलं लग्न मोडत नाही. तसंच तिने दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नाच्या मुलांना इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, आणि हा डाग पिढ्यान्‌पिढ्या राहतो. कोकणात शतकानुशतकं एकटे पडलेल्या या समाजाला ते नियम ठाऊक होते का, अशी शंका काढली गेली. शंका खोट्या मनाने काढली होती असं मला वाटत नाही. पण शंका रब्बींची, आणि झळ मात्र लग्नाच्या मुलीला.

1961मध्ये मुख्य रब्बीमंडळाने निर्णय दिला की बेने इस्राएलांशी लग्नाला मनाई नाही. 1962मध्ये सूचना निघाल्या त्या मात्र वेगळं सांगत होत्या : यांच्यापैकी कोणी लग्नाला आलं तर आई, आजी, पणजी, मागे जाता येईल तितकं मागे जाऊन कुळाची चौकशी करा. रोह्याच्या पणजीचा कागद कुठून आणायचा? आणि ही चौकशी एकट्या बेने इस्राएलांची.

(दृश्य : जेरुसलेम, 1964चा उन्हाळा.)

मग माणसं बायकामुलांसकट जेरुसलेमला आली आणि ज्यूंना इस्राएलमध्ये आणून वसवणाऱ्या ज्यू एजन्सी या संस्थेच्या इमारतीपाशी ठाण मांडून बसली. आपल्याकडे याला सत्याग्रह म्हणतात, आणि ही माणसं आपल्याकडूनच गेलेली होती. त्यांना पैसा नको होता, जमीन नको होती. त्या परिपत्रकातलं स्वतःचं नाव त्यांना खोडून हवं होतं.

पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचं सरकार आघाडीचं, आणि त्यात राष्ट्रीय धार्मिक पक्षही होता. तरी 17 ऑगस्ट 1964ला क्नेसेटची, म्हणजे इस्राएलच्या संसदेची, खास बैठक झाली. बेने इस्राएल सर्व बाबतींत, लग्नाच्या बाबतीतही, इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत, असं सरकारने संसदेत जाहीर केलं. रब्बीमंडळाने लोकभावना लक्षात घ्यावी, असंही सांगितलं.

रब्बीमंडळाने परिपत्रक बदललं. ‘बेने इस्राएल’ हे शब्द गेले. त्यांच्या जागी, ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल असा कोणीही, अशा अर्थाचा मजकूर आला.

हा विजय होता, आणि तो रस्त्यावर बसून मिळवलेला होता. माझ्या मते मात्र संसदेने त्या दिवशी अर्ध्यावर हात आखडला. 1953चा कायदा तिचाच होता, तो बदलणं तिच्या हातात होतं. तिने रब्बींना समजावलं आणि अधिकार त्यांच्याकडेच राहू दिला.

(दृश्य : विमानतळ. रांगेतली तरुण जोडपी.)

1970मध्ये परतीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्यू आजोबा असलेल्या नातवालाही नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर लाखो लोक आले. त्यांतल्या अनेकांची आई ज्यू नाही, म्हणून रब्बींच्या लेखी ते ज्यू नाहीत. 1992च्या मूलभूत कायद्यात ‘ज्यू आणि लोकशाही राज्य’ हे शब्द आले. यांना देशात लग्न करायला त्यांचा उपयोग झाला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1963मध्येच एक दार उघडून ठेवलं होतं : सायप्रसमध्ये झालेल्या लग्नाची नोंद सरकारने करून घेतली पाहिजे. म्हणून ही जोडपी सायप्रसला जातात, तिथल्या नगरपालिकेत सह्या करतात आणि कागद घेऊन परत येतात. विमानाला साधारण तासभर लागतो.