उगारलेला हात आणि तोंडचे शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

चतुर्थी आली की गोव्यातली मूळ घरे माणसांनी भरून जातात. मुंबईला किंवा आखातात नोकरीला असलेले भाऊ येतात, लग्न होऊन गेलेल्या बहिणी येतात, आणि सगळे वारस एका छपराखाली सापडण्याचे हे वर्षातले मोजकेच दिवस असल्यामुळे वाटणीचा विषयही नेमका याच दिवसांत निघतो. आपल्याकडच्या वारसा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित घरात आणि भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, मुलगा असो वा मुलगी, सर्वांचा वाटा असतो, आणि आपसात वाटणी झाली नसेल तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी ठरवणारा, दावा निकाली निघेपर्यंत कोणता माड कोणाचा हे ठरत नाही. अशा वेळी थोरल्याने पाडेलीला बोलावून परस्पर नारळ उतरवून घेतले, धाकट्याने त्याचा जाब विचारला आणि थोरला ओरडला, "एक शब्द बोललास तर हातपाय मोडून ठेवीन!" तर हा कायद्याच्या दृष्टीने हमला झाला का?

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १३० मध्ये हमल्याची व्याख्या दिली आहे. समोर हजर असलेल्या माणसाला आता आपल्यावर बळाचा वापर होणार अशी धास्ती वाटावी, या हेतूने, किंवा तशी धास्ती वाटण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, कोणी हावभाव केला किंवा तयारी केली, तर तो हमला होतो. प्रत्यक्ष फटका बसण्याची गरज नाही. बोट लागण्याचीही नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे की नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, मात्र बोलणाऱ्याच्या शब्दांमुळे त्याच्या हावभावाला किंवा तयारीला असा अर्थ येऊ शकतो की तो हावभाव हमला ठरावा. ही व्याख्या मुळात १८६० च्या दंड संहितेतली आहे आणि नव्या संहितेत ती जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. जुन्या संहितेत तिचा क्रमांक ३५१ होता. नव्या संहितेत ३५१ हे कलम धाकदपटशाचे आहे, तेव्हा कागदावर हा आकडा दिसला तर तो कोणत्या संहितेतला आहे हे आधी पाहावे.

आता त्या दोन भावांकडे पुन्हा पाहू. थोरला सोप्यावर बसूनच ओरडला असेल, तर शब्द कितीही जहाल असले तरी तो हमला नाही. तेच वाक्य त्याने दुबईहून फोनवर उच्चारले असेल, तरीही नाही, कारण तिथे समोर माणूस नाही आणि हावभावही नाही. पण दाराआडचा दांडा उचलून, दोन पावले पुढे येऊन तो हे बोलला असेल, तर परिस्थिती पालटते. कायद्याने स्वतःच दिलेले एक उदाहरण असेच आहे: एकजण काठी उचलतो आणि म्हणतो, "मी तुला मार देईन." त्याचे शब्द एकटे घेतले तर ते कधीच हमला होणार नाहीत, नुसती काठी उचलणे हाही कदाचित हमला होणार नाही, परंतु शब्दांनी काठीचा अर्थ स्पष्ट केला की हमला होऊ शकतो.

आपल्या घरांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. नारळ सोलणाऱ्या माणसाच्या हातात कोयता असणे यात वावगे काही नाही. चतुर्थीच्या दिवसांत तो घरोघरी कोणाच्या ना कोणाच्या हातात असतोच. सोलता सोलता त्याने मान वर करून भावजयीला म्हटले, "आता तुझीच पाळी," आणि कोयता तिच्या दिशेने वळवला, तर क्षणापूर्वी कामाचे असलेले तेच हत्यार धास्तीचे कारण होते. उलट, बोलताना हात नाचवण्याची सवय असलेला काका आवाज चढवून हातवारे करतो तेव्हा तेवढ्यावरून त्याला कोणी आरोपी करू नये. त्याचा हेतू काय होता आणि समोरच्याला काय वाटेल याची जाणीव त्याला होती का, हे तपासावेच लागते.

शब्द कधी हावभावातली धार काढूनही घेतात. इंग्लंडमध्ये १६६९ साली एका खटल्यात असा प्रसंग आला होता. वादात एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हटले की न्यायाधीश सध्या गावात आले नसते, तर तुझे हे बोलणे मी ऐकून घेतले नसते. न्यायाधीश गावात होते. म्हणजे आता मी काही करणार नाही, असेच तो सांगत होता, आणि न्यायालयाने तो हमला मानला नाही. मात्र "गप्प बैस, नाहीतर डोके फोडीन" असे दांडा उगारून म्हणणारा माणूस त्या तलवारवाल्याच्या पंगतीत बसत नाही, असे माझे मत आहे. त्याची अट समोरच्याचे तोंड बंद करणारी आहे आणि दांडा उगारलेलाच आहे.

हमल्याला कलम १३१ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु समोरच्यानेच गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ घडवला असेल, तर कलम १३६ लागते आणि कैदेची मर्यादा एक महिन्यावर येते. म्हणजे भांडणात दुसऱ्या बाजूने काय बोलले गेले, हेही न्यायालय ऐकते.

हमला नाही म्हणजे काहीच नाही, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. "उद्या बघतो तुला, जिवंत ठेवणार नाही" हे वाक्य घाबरवण्याच्या हेतूने उच्चारले गेले असेल, तर तो कलम ३५१ खालचा धाकदपटशा होतो. त्याला दोन वर्षांपर्यंत, आणि ठार मारण्याची किंवा जबर दुखापतीची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसते रागाने निघालेले शब्द, ज्यांमागे घाबरवण्याचा हेतू नाही, ते पुरेसे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली जुन्या संहितेच्या संदर्भात सांगितले आहे.

आणि घरातल्या स्त्रीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. "नुसता बोललाच ना, मारले तर नाही," असे सांगून तिला गप्प बसवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि त्याची मला मनापासून चीड येते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शाब्दिक छळालाही हिंसाचार मानतो: अपमान, टोमणे, नावे ठेवणे, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे, तिच्या जवळच्या माणसाला इजा करण्याच्या वारंवार धमक्या. हा कायदा फक्त पत्नीसाठी नाही. एका घरात राहिलेली बहीण, आई, विधवा भावजय याही दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर सून किंवा भावजय यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो. दंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे.

साधा हमला हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस तुमची माहिती नोंदवून घेतील आणि तुम्हाला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतील. त्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून ठाण्यावर जाताना "त्याने मला शिव्या दिल्या, धमकावले" एवढेच सांगून भागत नाही. तो कुठे उभा होता, किती अंतरावर होता, हातात काय होते, ते त्याने कसे धरले होते, आणि त्याच क्षणी तो नेमके काय बोलला, हे त्याच्याच शब्दांत, मग ते उच्चारायला लाज वाटली तरी, सांगावे लागते. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याने आवाज ऐकलेला असतो, पण हात पाहिलेला नसतो; आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने हात पाहिलेला असतो, पण गोंगाटात शब्द त्याच्या कानांवर पडलेले नसतात. दोघांचीही नावे द्यावीत.

नमस्कार.