काकांचा पाम

फोंडा तालुक्यातलं हे घर. ओसरीवर पेटी, आणि पेटीवर पाम थ्री, खिशात मावणारा छोटा संगणक. १९९८ सालचं मॉडेल. दोन बारीक सेल, हिरवट पडदा, एक लेखणी. काका जत्रेतल्या मराठी नाटकांना पेटी वाजवतात. त्यांच्या सगळ्या तारखा या डबीत.

जत्रा तिथीनं येते, तिथंच गोम आहे. वास्कोचा सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. २०२२ ला तो ३ ऑगस्टला बसला, २०२३ ला अधिक श्रावण आला आणि थेट २२ ऑगस्ट. 'दरवर्षी' असं एकदा लावून भागत नाही. पंचांग मांडीवर घेऊन प्रत्येक साल हातानं भरायचं.

गेल्या पावसाळ्यात हॉटसिंक, म्हणजे पाम आणि घरचा संगणक यांच्यातल्या नोंदी जुळवणं, डेटबुकपाशी, म्हणजे तारखांच्या डायरीपाशी, येऊन अडायला लागलं. पत्ते जातात, टिपणं जातात, कॅलेंडर जात नाही.

लेखणीचं डोकं पिळून काढलं की आत ही पिन. पाठीमागच्या भोकात टोचली. साधा रीसेट, माहिती शाबूत, आजारही शाबूत. मग स्क्रोलचं बटण वरच्या बाजूनं दाबून धरलं आणि पुन्हा टोचली. जोडीचे प्रोग्राम बाजूला ठेवून यंत्र उठलं, पण हॉटसिंक तिथंच अडलं. उरला हार्ड रीसेट. त्यात सगळं पुसतं, म्हणून आधी ही वही. संगणकात न पोचलेल्या नोंदी काका एकेक करून उतरवतायत. आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली, त्यांचं उतरवणं संपेना.

पॉवरचं बटण दाबून पिन. पडदा विचारतो, सगळं पुसू? हो म्हणायला पुन्हा तेच वरचं बटण.

काकांचा अंगठा बघा.

यंत्र कोरं. खुणांवर लेखणी टेकवायची, तारीख लावायची. पण जोडण्याआधी संगणकावर दोन कामं. बॅकअप फोल्डरचं नाव बदलायचं, नाहीतर बिघडलेली फाइल तिथूनच परत यायची. आणि डेटबुकची दिशा संगणकाकडून पामकडे ठेवायची. उलटी राहिली तर कोरी डायरी संगणकातलीही पुसून मोकळी होते. दुकानात हे कुणी सांगत नाही, तिथं नवा फोन दाखवतात.

या गोंधळात दोन प्रयोग हुकले.

फोन का वापरत नाही, हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलंच.

"फोन आहे की. तो बोलतो फार."

पाम क्रेडलमध्ये, म्हणजे संगणकाला जोडलेल्या खोबणीत. बटण दाबलं. पत्ते... टिपणं... डेटबुक. गेलं पुढे!

आता वहीतलं परत पाममध्ये. याची लिपी रोमन, एकेक अक्षर एका फटक्यात. 'ए'ला मधली आडवी रेघसुद्धा नाही. गोव्यात रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, वाचणाऱ्याला याचं काय कौतुक! हे कॅलेंडर २०३१ च्या डिसेंबरला थांबतं, त्यापुढं पानच नाही. काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि पंचांगात वैशाख शुद्ध पंचमी शोधून शिरगावची जत्रा लिहायला घेतली.